ट्रेडमिलचा कंट्रोलर: आयजीबीटी बदलला, नवाही पहिल्याच झटक्यात गेला

वाशिष्ठीकाठी
१२ जुलै, रात्री ९:५०

मी चिपळूणला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. घरचे रेडिओ, मिक्सर, इमर्जन्सी लाइट स्वतः दुरुस्त करतो, त्यामुळे सोल्डरिंग जमतं आणि मीटर धरता येतो. या वेळी मात्र अडलोय, आणि घाई आहे.

घाई अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. वय ७१, एसटीत चालक होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. रोज अर्धा तास सपाटीवर चाला, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आमच्या घरासमोर उतार आहे, पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, जून ते सप्टेंबर त्यांना बाहेर सोडायची हिंमत होत नाही. ट्रेडमिल त्यासाठीच घेतली होती. ती २ जुलैपासून बंद आहे. आता ते जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारतात आणि दर फेरीला एक चिंचोका वाटीत टाकतात. साठ चिंचोके झाले की थांबतात. सारखं एकाच बाजूला वळून त्यांचा डावा गुडघा दुखायला लागलाय.

झालं असं. २ तारखेला सकाळी अण्णा ताशी साडेतीन किलोमीटरवर चालत होते. अचानक पायाखालचा पट्टा जोरात ओढला गेला. त्यांनी दांडी घट्ट धरली म्हणून पडले नाहीत. छातीला अडकवलेली सेफ्टी की निघाली, खालून रिलेचा (बोर्डावरच्या, विजेवर चालणाऱ्या स्विचचा) टक् आवाज आला, पट्टा थांबला आणि डिस्प्लेवर ई ०२ आलं. माझ्याकडच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ ‘मोटर जोडणी किंवा कंट्रोलर’ एवढाच दिलाय.

मोटरवर पाटी आहे: १८० व्होल्ट डीसी, दीड हॉर्सपॉवर, ४००० आरपीएम. कंट्रोलरवर ब्रिज रेक्टिफायर, ४५० व्होल्ट ६८० मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर, हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) आवळलेला एक आयजीबीटी (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, ४० अँपिअर, ६०० व्होल्टचा) आणि एक डायोड, शेजारी आयजीबीटीला चालू-बंद करणारा आठ पायांचा टीएलपी २५०, आणि एक काळा रिले.

आयजीबीटी मीटरवर पूर्ण शॉर्ट निघाला. सर्व्हिसवाल्यांनी फोनवरच ‘पूर्ण बोर्ड बदला, साडेसहा हजार, पंधरा दिवस लागतील’ असं सांगितलं. मी पुण्याहून तीन आयजीबीटी मागवले आणि एक बसवला. प्लग लावला, स्टार्ट दाबलं, डिस्प्लेवर ३, २, १ झालं, रिले वाजला आणि त्याच क्षणी पट्ट्याला एक हिसका बसून फट् झालं. १५ अँपिअरचा काचेचा फ्यूज काळा पडला. नवा आयजीबीटी आता जुन्यासारखाच शॉर्ट दाखवतो.

उरलेले दोन जाळायचे नाहीत. आणि अण्णांना पुन्हा त्या पट्ट्यावर उभं करायचं, तर मशीन का बिघडलं ते कळल्याशिवाय करणार नाही. पुढे कसं जाऊ?


रस्त्याकडेचं झाड
१२ जुलै, रात्री १०:३५

आमच्या सोसायटीच्या जिममध्ये (डोंबिवली) बोर्ड सरळ बदलला होता. चार महिन्यांनी नवा बोर्डही तसाच गेला. तेव्हा आलेल्या मेकॅनिकने बोर्डाकडे बघण्याआधी पट्ट्याखाली हात घातला आणि म्हणाला, फळी सुकी आहे, आणखी दहा बोर्ड घाला, दहा जातील. तुम्ही पट्ट्याखाली सिलिकॉन तेल शेवटचं कधी टाकलं होतं? इलेक्ट्रॉनिक्स मला कळत नाही, पण एवढं आधी बघा.


जुना वायरमन
१३ जुलै, सकाळी ६:१५

गुरुजी, नमस्कार. इचलकरंजीत सूतगिरणीत ३१ वर्षं मेंटेनन्सला होतो, त्यातली बरीच डीसी मोटरींच्या ड्राइव्हवर गेली. तुमची मशीन त्या ड्राइव्हचं छोटं पिल्लू आहे. रोग तेच आहेत.

पहिली गोष्ट जिवाची. तो ६८० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टला भरतो, कारण २३० चा शिखर व्होल्टेज ३२५ असतो. त्यात सुमारे ३६ जूल ऊर्जा साठते. हाताला लागली तर माणूस दूर फेकला जातो, आणि ज्याचं हृदय कमजोर त्याला तर जवळही येऊ देऊ नका. प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, आणि तरीही कपॅसिटरच्या दोन टोकांवर मीटर लावून आकडा बघा. बोर्डावर त्याला रिकामा करणारा रेझिस्टर असतो, पण तोच ओपन झाला असेल तर कपॅसिटर तासाभरानेही भरलेला सापडतो. व्होल्टेज असेल तर पिवळा (जुना, तारेचा) बल्ब जोडून उतरवा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. आणि बोर्डाचा मायनस म्हणजे अर्थिंग नव्हे. तो ब्रिजमधून थेट मेन्सला लागलेला असतो, म्हणजे तिथंही शॉक बसतो.

आता हा बोर्ड काय करतो ते. ३२५ व्होल्ट डीसी तयार करतो आणि आयजीबीटी तो सेकंदाला हजारो वेळा जोडतो आणि तोडतो. जोडलेला वेळ जास्त, तर मोटरला सरासरी व्होल्टेज जास्त आणि वेग जास्त. आयजीबीटी शॉर्ट झाला की तोडणं बंद, अख्खे ३२५ व्होल्ट १८० च्या मोटरला. तुमच्या अण्णांना हिसका बसला तो हाच.

तुमचा दुसरा आयजीबीटी का गेला, याचा माझा अंदाज सांगतो. पहिला मेला तेव्हा त्याच्या आत कलेक्टर (वीज आत येणारा पाय) आणि गेट (त्याला चालू-बंद करणारा पाय) एक झाले असणार. मग ते ३२५ व्होल्ट गेटच्या वाटेनं मागं ड्रायव्हरमध्ये, म्हणजे तुमच्या टीएलपी २५० मध्ये घुसले. तो अशा वेळी कधी बंद अवस्थेत मरतो, कधी चालू अवस्थेत. चालू अवस्थेत मेला असेल तर गेटला कायम १५ व्होल्ट मिळतात. तुम्ही नवा आयजीबीटी बसवलात तो आधीपासूनच उघडलेल्या दारासारखा होता. रिले वाजला, थांबलेली मोटर थेट ३२५ ला लागली. फिरणारी मोटर स्वतः उलट व्होल्टेज तयार करून करंट अडवते, थांबलेल्या मोटरला तो नसतो, करंट अडवायला फक्त वायंडिंगचा ओहम दोन ओहम रेझिस्टन्स. शंभर अँपिअरच्या वर झटका. ४० चा माल टिकणार कसा? काचेचा फ्यूज काळा पडला तेही हेच सांगतं. हळूहळू ओव्हरलोड झाला तर तार मधोमध वितळते आणि काच स्वच्छ राहते. काच काळी किंवा चंदेरी झाली, तर ते सरळ शॉर्ट.

एवढं मोजून कळवा, सगळं प्लग काढून. आयजीबीटी बोर्डावरून पूर्ण काढा. मोटरच्या दोन्ही वायरी काढा, नाहीतर डायोड मोजताना मोटरचं वायंडिंगच मोजाल आणि डायोड शॉर्ट आहे असं वाटेल. मग टीएलपीच्या ८ आणि ६ नंबरच्या पायांमध्ये किती ओहम, ६ आणि ५ मध्ये किती. गेटचा रेझिस्टर किती. गेट ते एमिटर (वीज बाहेर जाणारा तिसरा पाय) झेनर, म्हणजे जादा व्होल्टेज रोखणारा डायोड, असेल तर तो. फ्रीव्हील डायोड, म्हणजे हीटसिंकवरचा तो डायोड, मीटरच्या डायोड मोडवर दोन्ही बाजूंनी. आणि रिलेचे संपर्क, कॉइलला करंट नसताना. हे शेवटचं विसरू नका.


हडसनपार
१३ जुलै, सकाळी ८:२०

वायरमन काकांनी सगळं सांगितलंच आहे, एक भर घालतो. मी न्यू जर्सीत आहे, इथल्या दोन मशिनी दुरुस्त केल्यात. व्हिडिओ बघून मोजमाप करणार असाल तर लक्षात ठेवा, बहुतेक व्हिडिओ इथल्या १२० व्होल्टच्या बोर्डांचे असतात. त्यात कपॅसिटरवर १७० व्होल्ट दिसतात आणि ते बरोबर असतात. तुमच्याकडे १७० दिसले तर बिघाड समजा. इथल्या बोर्डावरचा २०० किंवा २५० व्होल्टचा कपॅसिटर बघून तसा विकत घेऊ नका, तुमच्याकडे तो फुटेल. एरर कोडही प्रत्येक कंपनीचे वेगळे, दुसऱ्या मशीनची यादी लावू नका.


वाशिष्ठीकाठी
१४ जुलै, रात्री ९:१०

काका, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. शाळेतून आल्यावर सगळं मोजलं.

कपॅसिटरवर पाच मिनिटांनी ४ व्होल्ट होते, बल्ब लावून शून्य केले. टीएलपीच्या ८ आणि ६ मध्ये फक्त ७ ओहम. ६ आणि ५ मध्ये काही लाख ओहम. गेटचा रेझिस्टर ४७ ओहमचा, ठीक आहे. गेट-एमिटरमधला १० किलोओहमही ठीक. झेनर १८ व्होल्टचा आहे, तो दोन्ही बाजूंनी ओपन. डायोड (१५ अँपिअर ६०० व्होल्टचा फास्ट, म्हणजे झटकन बंद होणारा) एका बाजूने ०.४१ व्होल्ट, उलट बाजूने ओपन, म्हणजे चांगला.

खात्रीसाठी टीएलपी काढून शाळेच्या ब्रेडबोर्डवर लावला. ८ ला १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस, ५ ला मायनस. आतल्या एलईडीला, म्हणजे २ आणि ३ ला, काहीच दिलं नाही. तरी ६ वर ११.९ व्होल्ट. नवा टीएलपी मागवलाय, तो आल्यावर त्याचीही अशीच चाचणी करीन. नववीतले दोन विद्यार्थी थांबले होते, त्यांना आकडे वहीत लिहायला लावले.

आता रिले. कॉइलला काहीही न जोडता संपर्कांमध्ये ०.३ ओहम आला. मी तीनदा मोजलं. मग रिलेवर हलकेच टिचकी मारली तर ओपन झाला. म्हणजे संपर्क चिकटलेले होते ना? आमच्या बोर्डात फेज रिलेतून जाऊन मग ब्रिजला जाते. याचा अर्थ, मी आता उरलेल्यांपैकी एक आयजीबीटी बसवून प्लग लावला असता तर स्टार्ट न दाबताच पट्टा सुटला असता? आणि सेफ्टी की ओढूनही थांबला नसता?


जुना वायरमन
१५ जुलै, सकाळी ५:५०

होय गुरुजी. तोच अर्थ.

सेफ्टी की आयजीबीटीला थेट थांबवत नाही. की निघाली की कन्सोल खालच्या बोर्डाला थांब म्हणतो, बोर्ड रिले सोडतो. आयजीबीटी धड असेल तर तो स्वतः बंद होतोच. तो शॉर्ट असेल तेव्हा माणूस आणि मोटर यांच्यामध्ये एकटा रिले उरतो. २ तारखेला त्या रिलेनं तुमच्या वडिलांना वाचवलं. दुसऱ्या धमाक्यात त्याचे संपर्क वितळून जुळले. टिचकीनं सुटला म्हणून तो चांगला झाला असं अजिबात समजू नका. एकदा चिकटलेला रिले पुन्हा चिकटतो. नवा घ्या, १२ व्होल्ट कॉइलचा, संपर्क जुन्यावर लिहिलेल्या रेटिंगचे किंवा त्याहून मोठे. दर दुरुस्तीनंतर हा रिले मोजायचा, हे मी हाताखालच्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलं. पाचपन्नास रुपयांची वस्तू, पण चालत्या माणसाखाली तीच.

आता डायोड. मीटरवर चांगला दिसतो म्हणता. मीटर तीन व्होल्टला तपासतो, डायोडला ३२५ सोसायचे असतात, तेही तापलेल्या अवस्थेत. मी तो ठेवणार नाही. कारण ऐका, यात तुमच्या घरची खास गोष्ट आहे. अण्णा हळू चालतात. मशीनचा सर्वांत जास्त वेग १४ किलोमीटर धरला तर साडेतीनला मोटरला जेमतेम ४५ व्होल्ट लागतात. म्हणजे शंभरातले चौदा भाग आयजीबीटी चालू आणि शहाऐंशी भाग बंद. बंद असताना मोटरचा करंट थांबत नाही, तो डायोडमधून गोल फिरतो. पळणाऱ्या पोरापेक्षा हळू चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या मशीनमध्ये डायोड जास्त तापतो. शिवाय प्रत्येक पाऊल हळू पट्ट्यावर फळीला दाबून धरतं, मोटरवरचा पंखाही हळू फिरतो. लोक म्हणतात, आम्ही तर नुसतं चालतो, मशीनवर लोड कुठला? लोड असतो तो असा. डायोड तापला की त्याला बंद व्हायला वेळ लागतो, आणि तो बंद होईपर्यंत दर वेळी आयजीबीटीला क्षणभर शॉर्ट सोसावा लागतो.

म्हणून डायोड नवा, आणि फास्टच. साधा रेक्टिफायर डायोड तिथं बसवला तर आयजीबीटी काही मिनिटांत जाईल. झेनर नवा, टीएलपी नवा, ४७ ओहम ठीक असला तरी तोही बदला. टीएलपीच्या ८ आणि ५ जवळ छोटा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तो तडकला नाही ना बघा. हीटसिंकवरून डायोड काढाल तेव्हा त्याखालची पेस्ट कशी आहे आणि स्क्रू किती घट्ट होता, ते मला कळवा.

मोटरही तपासा. शाफ्ट हातानं हळू फिरवत ओहम बघा, आकडा थोडा हलेल पण उड्या मारता कामा नये. वायंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये सर्वांत मोठ्या रेंजवरही काही दिसता कामा नये. कार्बनची भुकटी साचली की तिथं गळती होते. मग ड्राइव्ह बेल्ट (मोटरवरून पट्ट्याच्या रोलरला फिरवणारा) उतरवून स्कूटरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरवा. १८० ला ४००० फेरे, तर १२ ला अडीचशेच्या आसपास, सावकाश आणि न अडखळता.

डोंबिवलीच्या सद्गृहस्थांनी पट्ट्याचं विचारलं होतं. त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.


सोल्डरताई
१५ जुलै, दुपारी २:४०

बोर्ड दुरुस्तीचं काम करते, पुण्यात. दोन गोष्टी सांगते.

बाजारात आयजीबीटीचा नकली माल फार आहे. वर ४० अँपिअरचा नंबर, आत छोटी चिप. तुमच्या मीटरला कपॅसिटन्स असेल तर गेट आणि एमिटरमध्ये मोजा. या आकाराच्या खऱ्या मालाला दोन नॅनोफॅरडच्या आसपास दिसतात. निम्माच आकडा आला तर तो बसवू नका. मग ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीने चालू करून बघा: प्लस गेटला, मायनस एमिटरला क्षणभर लावा, बॅटरी काढा, डायोड मोडवर लाल काडी कलेक्टरला आणि काळी एमिटरला. अर्ध्या व्होल्टच्या आसपास काहीतरी दिसायला हवं, आणि बॅटरी काढली तरी ते टिकायला हवं. मग गेट आणि एमिटर चिमट्याने जोडा, लगेच ओपन व्हायला हवा. नुसत्या मीटरने गेट उघडत नाही, म्हणून बॅटरी.

दुसरं, आयजीबीटीची धातूची पाठ म्हणजे कलेक्टर. हीटसिंकमध्ये अभ्रकाची किंवा सिलिकॉनची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा वॉशर असतो. तो परत बसवलात का? बसवल्यावर पाठ आणि हीटसिंक यांच्यात मीटर लावून ओपन बघा. कोकणातल्या बोर्डावर हिरवट थर असतो, तोही आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायच्या ब्रशने साफ करा, विशेषतः टीएलपीच्या पायांखाली.


वाशिष्ठीकाठी
१९ जुलै, रात्री ११:०५

उशीर झाला, कुरियर पावसात अडकलं होतं.

आधी पट्ट्याचं सांगतो, कारण मूळ तिथेच आहे. १५ तारखेला रात्री अण्णांना विचारलं, पट्ट्याखाली तेल कोण टाकायचं? ते म्हणाले, मीच, दर महिन्याला, न चुकता. कुठलं? त्यांनी आईच्या शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणून दाखवली. मशीनबरोबर आलेली सिलिकॉनची बाटली पहिल्याच वर्षी संपली होती. गाडीला जसं वेळच्या वेळी तेल-पाणी करायचे तसंच त्यांनी हेही मन लावून केलं. मी आजवर एकदाही विचारलं नाही, ही चूक माझी.

पट्टा सैल करून उचलला तर फळीवर मधोमध, जिथे पावलं पडतात तिथे, तपकिरी चिकट थर. पट्ट्याची खालची कापडी बाजू त्याने थापल्यासारखी झालेली. मशीन बंद असताना पट्टा हाताने ढकलला तर दोन्ही हात लावावे लागत होते. फळी आणि पट्टा कोमट साबणपाण्याच्या पिळलेल्या फडक्याने चार वेळा पुसला, पंख्याखाली रात्रभर वाळवला. मग शुद्ध सिलिकॉन तेल, दोन्ही बाजूंनी मिळून २५ मिलिलिटर. आता पट्टा एका हाताने सरकतो. फळीचा मधला भाग थोडा झिजलाय, पण गुळगुळीत आहे. ती उलटी करून बसवता येते का ते दिवाळीच्या सुट्टीत बघीन.

काका, डायोडखालची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती आणि स्क्रू अर्धा फेरा सैल होता. खाली बोर्डही तपकिरी पडलाय. आयजीबीटीकडची पेस्ट त्यामानाने बरी होती. मोटरवर मात्र ताण पडलेला दिसला नाही: ओहम उड्या मारत नाहीत, बॉडीला गळती नाही, अण्णांच्या स्कूटरच्या बॅटरीवर शांत फिरली.

सोल्डरताई, उरलेल्या दोन आयजीबीटींपैकी एकात २.०, दुसऱ्यात १.१ नॅनोफॅरड आले. एकाच पाकिटातले! १.१ वाला बाजूला ठेवला. चकती नवी घातली, पाठ ते हीटसिंक ओपन आहे.

मग जोडणी. रिले नवा, डायोड, झेनर, रेझिस्टर, टीएलपी नवे. टीएलपी आधी ब्रेडबोर्डवर पाहिला: एलईडीला काही नाही तेव्हा आउटपुट शून्याच्या जवळ, ९ व्होल्टच्या बॅटरीने १ किलोओहममधून एलईडी लावला तेव्हा दहाच्या वर. बोर्ड सगळा तयार आहे, पण प्लग अजून लावलेला नाही. १०० वॅटचे पिवळे बल्ब दुकानात मिळेनात. मामांकडे कोंबड्यांची पिल्लं ऊब देऊन वाढवायला लावतात, तिथून तीन आणले. क्रम सांगा, मग लावतो.


जुना वायरमन
२० जुलै, सकाळी ६:०५

अण्णांना काही बोलू नका गुरुजी. शिवणयंत्राचं तेल खनिज तेल असतं, ते पट्ट्याला चिकट करतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यानं मशीन विकली त्यानं सांगायला पाहिजे होतं.

क्रम असा. मोटरच्या वायरी काढलेल्याच ठेवा. येणाऱ्या फेजमध्ये एक १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. प्लग लावा. बल्ब अंधुक राहायला पाहिजे. स्टार्ट दाबा, रिले वाजेल, बल्ब एकदा चमकेल आणि परत मंद होईल. तो चमकतो कारण कपॅसिटर भरतो. तो पूर्ण पेटून तसाच राहिला, तर शॉर्ट अजून आहे. प्लग काढा, तुमचा आयजीबीटी जिवंत असेल, कारण त्या बल्बमधून अर्ध्या अँपिअरवर काही जात नाही.

हे जमलं तर प्लग काढून कपॅसिटर शून्य करा. सिरीजचा बल्ब काढा. आता मोटरच्या जागी दोन बल्ब, एकमेकांशी सिरीजमध्ये. एक लावू नका, बिघाड असेल तर ३२५ व्होल्ट येतील आणि २३० चा एकटा बल्ब फुटेल. स्टार्ट. रिले वाजला त्या क्षणी बल्ब बंद असायला पाहिजेत, आणि मग हळूहळू लाल होत वर आले पाहिजेत. पूर्ण उजेडानं एकदम पेटले तर ड्रायव्हर अजून चुकतोय. थोड्या सेकंदांनी मशीन एरर देऊन थांबेल, घाबरू नका. मोटर फिरत नाही म्हणून वेगाच्या सेन्सरकडून कन्सोलला काही कळत नाही, आणि त्यानं थांबायलाच पाहिजे. बल्ब लाल असताना सेफ्टी की ओढून बघा. रिले वाजून बल्ब विझले पाहिजेत.

मग मोटर, पण ड्राइव्ह बेल्टशिवाय. मग बेल्ट घालून रिकामा पट्टा. मग तुम्ही स्वतः. गावातल्या एखाद्या इलेक्ट्रिशियनकडून डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर एका दिवसासाठी आणा. साधा एसी क्लॅम्प चालणार नाही. मोटरच्या एका वायरीवर लावून करंट लिहून ठेवा.

अण्णा शेवटी. निदान तीन दिवस तुम्ही चालल्यानंतर.


वाशिष्ठीकाठी
२६ जुलै, रात्री ९:२५

सगळं तुम्ही सांगितलेल्या क्रमाने झालं. सिरीज बल्ब एकदा चमकून मंद झाला. मोटरच्या जागचे दोन बल्ब आधी बंद, मग निखाऱ्यासारखे लाल, वेग वाढवला तसे पिवळे होत गेले, आठव्या सेकंदाला वेगाच्या सेन्सरचा एरर. की ओढून पाच वेळा पाहिलं, पाचही वेळा रिले सुटला. दर वेळी प्लग काढून संपर्क मोजले, ओपन.

साफ करण्याआधीचा करंट मोजलेला नव्हता याचं वाईट वाटतं, तुलना झाली असती. आताचे आकडे: ताशी साडेतीनला रिकामा पट्टा १.४ अँपिअर. मी (६८ किलो) चालताना ३ च्या आसपास, पाऊल पडताना क्षणभर ४. अर्ध्या तासाने प्लग काढून, कपॅसिटर शून्य आहे हे बघून हीटसिंकला हात लावला. कोमट होता, हात ठेवता येत होता.

तीन दिवस मी चाललो, चौथ्या दिवशी आईने विचारलं तेव्हा तीही चालली. अण्णा आज सकाळी चढले. मी शेजारी प्लगच्या बटणावर हात ठेवून उभा होतो. १० मिनिटं ताशी अडीचवर, मग तीनवर. त्यांनी मधेच स्वतःहून की ओढून पाहिली, मशीन थांबली तेव्हा परत लावली आणि पुढे चालू लागले.

करंटचे आकडे मशीनच्या आतल्या झाकणावर तारखेसह लिहून चिकटवलेत. दर महिन्याला त्याच वेगाला रिकाम्या पट्ट्याचा करंट मोजून तिथेच खाली लिहीन. काका, किती वाढला तर थांबवू?


जुना वायरमन
२७ जुलै, सकाळी ६:००

रिकाम्या पट्ट्याला २ अँपिअर दिसले की सिलिकॉन टाका. टाकूनही खाली आला नाही तर चालणं बंद, पट्टा उचलून बघा. क्लॅम्प मिळाला नाही तर बंद मशीनचा पट्टा एका हातानं सरकतो का, एवढं तरी दर रविवारी बघा. आणि डायोडचा स्क्रू दिवाळीत फळी काढाल तेव्हा पुन्हा एकदा आवळा, नव्या पेस्टवर तो थोडा बसतो.